कुत्रं चावण्याआधी कायदा दारात यावा: बेळगावच्या पालकमंत्र्यांना खुले पत्र

माननीय पालकमंत्री,
बेळगाव जिल्हा, कर्नाटक सरकार

स. न. वि. वि.

पाळीव जनावरांच्या कायद्याबद्दल आपल्याला लिहितोय, कारण आमच्या भागात हा कायदा लोकांना कळतो तो कुत्रं चावल्यावर. तोवर गल्लीत कुणाला काही माहीत नसतं, आणि चावल्यावर जो तो ऐकीव माहितीवर भांडायला उभा राहतो.

हिंडलग्यातून सकाळी कुत्रं घेऊन निघालेला माणूस कॅम्पातून टिळकवाडीत आला, तर तेवढ्यात तीन कारभार ओलांडतो. हिंडलगा ग्रामपंचायतीत, तिथं १९९३ चा पंचायत राज कायदा. कॅम्प कॅन्टोन्मेंट बोर्डाकडे, तिथं २००६ चा केंद्राचा कायदा. पुढं महानगरपालिका, तिला १९७६ चा राज्याचा कायदा. निपाणीला १९६४ चा नगरपालिका कायदा, तो आणखी वेगळा. केंद्राच्या २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी पाळीव कुत्र्याची लस, जंताचं औषध आणि नसबंदी मालकावर टाकली आहे, हे बरंच झालं. पण नोंदणी आणि परवाना हा ज्या त्या स्थानिक संस्थेचा विषय, आणि कोणाचं कुठं काय चालतं हे एका जागी लिहिलेलं मला तरी कुठं मिळालं नाही.

मी स्वतः एका कार्यालयात चौकशीला गेलो. खिडकीवरच्या माणसानं आधी कुत्र्याची जात विचारली. 'गावठी' म्हटल्यावर त्यानं वही मिटली आणि आरोग्य विभागात जायला सांगितलं. आरोग्य विभागानं पशुवैद्यकीय दवाखाना दाखवला. तिथल्या डॉक्टरांनी आपुलकीनं रेबीजची लस टोचली, कार्डावर तारीख घातली, पण परवाना त्यांच्या हातात नाही. शेजारच्या मित्राला हे सांगितलं तर तो म्हणाला, "कुत्र्याचं लायसन काढूलास? म्हशीचं काढलंस काय कधी?" त्याला दोष कसा द्यायचा? आमच्याकडं शेतावर, खळ्यावर, धनगरांच्या कळपामागं कुत्रं पिढ्यान्‌पिढ्या आहे आणि त्याच्यासाठी कागद कधी कुणी मागितला नाही.

जिथं माहिती पोचत नाही तिथं अफवा पोचते. १२ मार्च २०२४ ला केंद्रानं राज्यांना पत्र पाठवलं की पिटबुल, रॉटवायलर धरून २३ जातींच्या कुत्र्यांवर बंदी घाला. पुढच्याच महिन्यात आपल्या कर्नाटक उच्च न्यायालयानं ते पत्र रद्द केलं, कारण संबंधितांचं म्हणणं न ऐकताच ते काढलं होतं. बंदीची बातमी मोबाइलवरून घरोघरी गेली. ती रद्द झाली, हे आजही कित्येकांना ठाऊक नाही. असली धास्ती बसली की माणसं कुत्रं सोडून देण्याच्या गोष्टी करतात.

आणि सोडूनही देतात. शहराच्या पश्चिमेला, रताळ्याच्या शिवारात एक लॅब्राडोर बसलेला मी पाहिला. मानेभोवती पट्ट्यानं घासून केस गेलेले, पट्टा मात्र काढून घेतलेला. कोणतीही गाडी आली की उठायचा, दाराकडं बघायचा, गाडी पुढं गेली की पुन्हा त्याच दगडाशी येऊन बसायचा. गावातली कुत्री त्याला जवळ येऊ देत नव्हती आणि मिळवून खायची त्याला सवय नव्हती. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ प्रमाणे जनावराला असं उपाशी मरायला सोडणं गुन्हा आहे. आखूड साखळीत अवाजवी वेळ बांधणं गुन्हा आहे. कायम बांधून ठेवलेल्या कुत्र्याला फिरवायला न नेणं हासुद्धा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. ही रक्कम वाढवणं संसदेचं काम, ते मी आपल्याकडं मागत नाही. पण तक्रार आल्यावर कुणीतरी जाऊन पंचनामा करावा, एवढं जिल्ह्याला करता येतं.

चावण्याची तक्रार पोलीस ठाण्यात जाते आणि बहुतेक वेळा दोन शेजाऱ्यांना समोरासमोर बसवून मिटवली जाते. मिटावी, माझी ना नाही. पण भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ प्रमाणे जनावराच्या बाबतीत हयगय केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, हे दोघांनाही आधी माहीत असतं, तर फाटकाला कडी लागली असती. तसंच पिंजऱ्यातल्या पोपटाचं. देशी पोपट घरात पाळणं वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, आणि आमच्या कितीतरी ओसऱ्यांवर तो टांगलेला असतो. घरातल्या म्हाताऱ्या माणसांचा त्याच्यावर जीव असतो. त्यांना कुणी सांगितलेलंच नाही.

म्हणून पहिली मागणी ही की नियमांचा एक कागद कन्नडबरोबर मराठीतही निघावा. यात राजकारण नाही. ज्या भागात भाषिक अल्पसंख्याक १५ ते २० टक्के आहेत तिथं महत्त्वाच्या सूचना आणि नियम त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध करावेत, हे केंद्राच्या १९५६ च्या निवेदनातच ठरलेलं आहे, आणि बेळगाव, खानापूर, निपाणी त्यात सहज बसतात. खानापूरच्या जंगलपट्टीतल्या बाईला मोकाट आणि पाळीव जनावराच्या नियमांतला फरक कन्नड कागदावरून कसा कळणार? रेबीज झाला की माणूस वाचत नाही. इतक्या जिवावरच्या गोष्टीत भाषेमुळे कुणी मागं राहू नये, एवढीच कळकळ आहे.

दुसरं, लस आणि नोंदणी एकाच जागी व्हावी. गावठी कुत्र्याचीही व्हावी, त्याची तर आधी व्हावी. एकदा बिल्ला मिळाला की तो पंचायतीत, कॅम्पात, शहरात सगळीकडं चालावा. त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांनी सगळ्या संस्थांना एकदा एकत्र बसवावं लागेल, आणि ती बैठक आपल्या शब्दाशिवाय होणार नाही.

२८ सप्टेंबरला जागतिक रेबीज दिनाच्या निमित्तानं लसीकरणाची शिबिरं भरतात. माणसं पोराबाळांसह कुत्री घेऊन रांगेत उभी असतात. यंदा लस टोचणाऱ्याच्या टेबलाशेजारी नोंदणीचं दुसरं टेबल मांडायला सांगा, आणि त्यावर तो मराठी-कन्नड कागद ठेवा. माहिती भरून घ्यायला माणूसबळ कमी पडलं तर आम्ही गल्लीतली माणसं दिवसभर बसायला तयार आहोत.

कळावे,
आपला विश्वासू,
शहापूर, बेळगाव येथील एक रहिवासी