भायखळ्याच्या रविवारचे आभार

रविवारी भायखळ्याच्या मराठी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, उभा राहून मी ख्रिस्तावरचा विश्वास चारचौघांत कबूल केला. ज्यांच्यामुळे ते निभावलं त्यांची नावंच ठाऊक नाहीत, म्हणून आभार इथे.

आधी मागच्या बाकावरच्या आजींचे. विश्वासांगीकार, म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेची कबुली, म्हणताना त्यातल्या पंतय पिलाताच्या नावापर्यंत मी झोकात पोचलो आणि घशाला कोरड पडली. आजींनी पुढची ओळ हळूच पुरवली, वर खडीसाखरेचा खडा हातात सरकवला. तो घामाने चिकट होईपर्यंत मुठीतच होता.

पेटीवाले काका, कवी ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मासुद्धा मुंबईतच झाला, १८९५ साली, हे तुम्ही उपासनेआधी चहा पिताना सांगितलंत. बरं वाटलं. कीर्तनाच्या घरातून आलेल्या माणसाला अभंगाच्या चालीवरचं गीत लगेच तोंडात बसतं, हे तुम्ही ओळखलंत आणि पट्टीही खाली घेतलीत. (माझा आवाज ऐकूनच घेतली असणार!)

आणि मेगाब्लॉकमध्ये परळला अडकलेल्या मला टॅक्सीत घेणारे गृहस्थ. भाडं घेतलं नाहीत. कुठे निघालोय ते ऐकून एवढंच म्हणालात, "मग पुढे बसा, शर्टाची इस्त्री मोडेल."