बाबा, एक ते बारा लिहून पाठवा

सोलापूर

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,
सा. न.

आई, परवा तू फोनवर म्हणालीस, "नव्या पेठेत पाचशे रुपयांत घड्याळ मिळतं, तू रात्र रात्र जागून करतेस तरी काय?" दादाची पोरं मध्येच फोन ओढत होती, म्हणून नीट सांगता आलं नाही. शिवाय बाबांकडे एक काम आहे, ते फोनवर होणारं नाही.

पहिलं म्हणजे, तुझं खरं आहे. पाचशेचं सेलवरचं घड्याळ माझ्यापेक्षा बरोबर वेळ दाखवेल. त्यातला क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. महिन्याकाठी काही सेकंद इकडेतिकडे झाले तर झाले. माझं चावीचं घड्याळ तेवढा फरक एका दिवसात पाडतं. वेळ बघायला म्हणून हा उद्योग कुणी करत नाही.

आणि "पोरीनं घड्याळ बनवलं" असं पुण्यात सांगत सुटू नकोस. जॉर्ज डॅनियल्स नावाचा एक इंग्रज घड्याळजी होता, तो अख्खं घड्याळ स्वतःच्या हातानं घडवायचा. माझं तसं नाही. मशीन मी विकत आणलंय, युनिटास ६४९८ या जुन्या स्विस मशीनवरून चीनमध्ये केलेलं. मूळचं खिशातल्या घड्याळाचं, त्यामुळे ३६.६ मिलिमीटर रुंद, नवशिक्याच्या डोळ्यांना सोसणारं. ते पूर्ण उकलायचं, धुवायचं, तेल घालून परत जुळवायचं, मग तबकडी, काटे आणि केस, म्हणजे बाहेरची डबी, बसवायची. माझी कारागिरी एवढीच.

पण एवढ्यातही माणूस घामाघूम होतो. खरंच होतो, कारण पंखा लावता येत नाही. आपल्याकडची धूळ तुला ठाऊकच आहे, एक कण दात्यात अडकला तरी मशीन बंद. घामाचा हात पोलादाला लागला तर गंज. म्हणून बोटांना रबरी टोप्या घालून, रात्री दहानंतर, खिडक्या लावून बसते. उठायचं झालं की सगळ्यावर काचेचा वाडगा उपडा. (हो, तुझाच, दह्याचा.)

सगळ्यात वेळ तेलाला लागतो. मशीनमध्ये १७ खडे असतात, कृत्रिम माणकं, आणि बहुतेक चाकांच्या आसांची टोकं त्यांच्या भोकात फिरतात. बारीक सुईच्या टोकावर घेतलेलं तेल खड्याच्या वाटीत टेकवायचं, भिंगातून एक चकचकीत कडी दिसली की थांबायचं. जास्त झालं तर ओघळून जातं आणि खडा कोरडाच राहतो. जोरात फिरणाऱ्या चाकांना पातळ तेल, कमानीकडच्या, म्हणजे स्प्रिंगकडच्या, सावकाश चाकांना दाट, आणि पॅलेट फोर्कच्या (चाकाला एकेक दात पुढे सोडणारा छोटा खटका) आसाला अजिबात नाही. तू फोडणीला घालतेस तसं अंदाजानं चालत नाही.

बाबा, आता तुमच्यासाठी. पॅलेट फोर्क बसला की चावीचे दोन-चार वळसे देऊन त्याला चिमट्यानं हलकेच ढकलून बघायचं. सगळं नीट असेल तर तो आपणहून टुणकन दुसऱ्या बाजूला जाऊन बसतो. मग बॅलन्स, म्हणजे झोके घेत ठेका धरणारं चाक. तो खाली ठेवून जरा फिरवला आणि आसाचं टोक खड्यात गेलं, की स्क्रू आवळायच्या आधीच झोके घ्यायला लागतो. मला तर टाळी वाजवावीशी वाटली. सेकंदाला ५ ठोके, तासाला १८,०००. तुमच्या एचएमटी जनताचा ठेकाही हाच, कानाला लावून बघा.

सध्या तबकडी वर करून ठेवलं की दिवसाला चार-पाच सेकंद पुढे जातं, उभं धरलं की मागे पडतं. सगळ्याच चावीच्या घड्याळांचं थोडंफार असं असतं. म्हणून विचारते, रात्री उशाशी घड्याळ कसं ठेवता, उताणं की कडेवर? त्यावर लावून देते. गंमत म्हणजे इथे चार सेकंदांसाठी जीव काढायचा, आणि मुळात आपल्या गावात प्रमाणवेळच सूर्याच्या साधारण २६ मिनिटं पुढे! प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाची, सोलापूर पंच्याहत्तर-शहात्तरच्या मध्ये, अंशाला ४ मिनिटं. घड्याळात बारा वाजले तरी सूर्य डोक्यावर आलेला नसतो, असं तुम्ही दाते पंचांग उघडून सांगायचात, तेव्हा आम्ही हसायचो.

आता काम. जनताचे आकडे मोतीबिंदू काढल्यावरही पुसट दिसतात म्हणालात. या घड्याळाची तबकडी मोठी आहे आणि मी ती कोरीच मागवलीय. विकत मिळतात ते आकडे मला नकोत. मिलच्या टाइम ऑफिसात मस्टरवर काढायचात ते हवेत, पोटाला फुगवलेला ५ आणि शेपूट लांब ओढलेला ९. तुमच्या आकड्यांवरून धातूची पाटी कोरून घेईन. तिच्या खाचांत शाई भरतात, सिलिकॉनचा मऊ गोळा ती शाई उचलतो आणि तबकडीवर टेकवतो. कोरताना आकडे लहान होतील, म्हणून तुम्ही मोठेच काढा, बोटाएवढे, काळ्या शाईनं, बिनरेघी कागदावर. सहाच्या जागी छोटा सेकंदकाटा येतो, त्यामुळे ६ लागणार नाही, पण काढा. काढला नाही तर आई विचारत बसेल. मुद्दाम वळणदार करू नका. हात थरथरला तर थरथरू द्या, खोडायचं नाही.

दादाला मोबाइलवर फोटो काढू देऊ नका, आकडे तिरके येतात. कागद घडी न घालता पुठ्ठ्यात घालून टपालानं पाठवा. आणि डोळ्यांतले थेंब चुकवू नका. आई, शेंगाचटणी संपली असेल तर कळव, येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर पाठवते.

तुमची,
सोनू