मावशी, तुझ्या उधारीवर आमची वेचणी झाली

मावशी,

तुला वाचता येत नाही, म्हणून हे पत्र माझी पोरगी तुझ्या ओसरीत बसून तुला वाचून दाखवील. पण ते एकट्या तुझ्यासाठी लिहिलेलं नाही. आपल्या वऱ्हाडात ज्या घरात रात्री कोणीतरी जागं असतं, आढ्याकडे बघत पैशांची जुळवाजुळव करत असतं, त्या घरापर्यंत हे पोचावं अशी माझी इच्छा आहे. तू आमच्यासाठी काय केलंस ते चार लोकांना कळायला हवं.

२०२४ चा खरीप. मृगात पेरणी झाली, पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, तुरीचे तास टाकले, आणि आषाढात हे बंडीवरून, आमच्या बैलगाडीवरून, पडले. मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आत रॉड टाकला, आणि शेत माझ्या अंगावर आलं. डवरणी, निंदण, खत, फवारणी, या कामांना मी कधी भ्याले नाही, लग्न होऊन आले तेव्हापासून तेच करते आहे. पण पैशाचा व्यवहार सगळा ह्यांच्याकडे होता. कृषी केंद्राची उधारी, सोसायटीचं पीक कर्ज, दवाखान्यासाठी सोयऱ्यांकडून आणलेले पैसे, पोरीच्या नर्सिंगची फी, हे सगळं एकदम पुढ्यात आलं. सोयाबीन निघालं, पण क्विंटलचा हमीभाव ४,८९२ रुपये आणि बाजारातला भाव त्याच्या खाली. जे हाती आलं ते देणेकऱ्यांत वाटून गेलं.

दिवाळीच्या सुमारास शेत पांढरं झालं. एरवी पहिल्या वेचणीच्या दिवशी आपण सीतादही करतो, शेतात पूजा मांडतो, दहीभाताचा नैवेद्य दाखवतो. त्या वर्षी फुटलेला कापूस पाहून मला रडू येत होतं. वेचणाऱ्या बायांना बाजाराच्या दिवशी रोख पैसे लागतात. ते बरोबरच आहे, त्यांचं मीठ-मिरची त्यावरच येतं. माझ्याकडे रोख नव्हती. बोंडातला कापूस लोंबू लागला होता. आभाळ जरा काळं दिसलं की छातीत धस्स व्हायचं, कारण भिजून मातीत पडलेल्या कापसाचा भाव काय होतो ते तुला मी सांगायला नको.

त्या रात्रींबद्दल मी आजवर कोणाशी बोलले नाही, पण इथे लिहिते. मन एका जागी राहतच नव्हतं. फीवरून कर्जावर, कर्जावरून पोरीच्या लग्नावर, लग्नावरून ह्यांच्या पायावर, आणि पाय बरा झालाच नाही तर पुढची पेरणी कोण करील यावर. एकही गोष्ट रात्री दोन वाजता सुटण्यासारखी नव्हती, तरी मी ती रोज रात्री दोन वाजता सोडवायला बसायची. आणि पलीकडच्या खाटेवर हे भिंतीकडे तोंड करून पडलेले असायचे. झोपलेले नसायचे, मला कळायचं. आपल्या भागात असा बोलेनासा झालेला माणूस म्हटलं की काय भीती वाटते, ती इथल्या प्रत्येक बाईला माहीत आहे. एकोणीसशे नव्वदच्या दशकापासून किती घरांतली कर्ती माणसं या घोरानं गेली. मी कीटकनाशकाचा डबा कडीकुलपात ठेवला होता आणि किल्ली पदराला बांधली होती.

अशा सकाळी तू आलीस. दारातूनच म्हणालीस, "काऊन वं, रातभर लाईट चालूच दिसला तुया घरी?"

मी काहीबाही सांगितलं. तू ऐकून घेतलं नाहीस. चुलीपाशी येऊन बसलीस आणि विचारलंस, "आज घरात काय काय हाये, सांग बरं."

मला वाटलं तुला काही न्यायचं आहे. मी म्हटलं, ज्वारी आहे, तुरीची डाळ आहे, तेल आहे, अंगणात वालाच्या शेंगा आहेत.

"म्हंजे आजची चूल पेटते."

"पेटते."

"मंग आजचा देव येऊन गेला. उद्याचा उद्या येईन. तू आजच त्याले उद्याचं, परवाचं, पोरीच्या लग्नाचं सारं मांगून ऱ्हायली, अन् त्यानं जे आणून ठेवलं त्याच्याकडे पाठ करून बसली."

मला राग आला होता, मावशी. आज मोकळेपणानं सांगते. तुझ्या नावावर वीतभर जमीन नाही, तुझा नवरा जाऊन किती वर्षं झाली, तू रोजानं वेचायला-निंदायला जातेस, आणि तू मला धीर देतेस! मी विचारलं, तुला घोर लागत नाही का? तेव्हा तू जे उत्तर दिलंस ते मी अजून धरून आहे.

तू म्हणालीस, "लागे. पयले लय लागे. मंग म्या जनाबाईचं ऐकलं. नामदेवाच्या घरची दासी ते. देव तिच्या घरी आला, पण त्यानं तिचं जातं बंद केलं काय? दळण सरलं म्हणून सांगतलं काय? नाई. खुट्याले हात लावून संगं दयू लागला. जनीनं खुटा सोडून देल्ला असता तं देव कायले हात लावता?"

एवढं बोलून तू उठलीस, आणि त्याच दुपारी तुझ्या टोळीतल्या बायांना घेऊन आमच्या धुऱ्यावर हजर झालीस. कमरेला ओट्या बांधलेल्या. "पैशाचं कापूस विकल्यावर पाहू," तू सगळ्यांदेखत म्हणालीस. त्या बायांपैकी एकीचंही हातावरचं पोट सुटलेलं नाही. बाजाराच्या दिवशी त्यांनी काय केलं असेल, कुठून तेल-मीठ आणलं असेल, मी विचारलं नाही आणि कोणी बोलून दाखवलं नाही. नंतर दुसरीकडून कळलं की वाण्याकडे तू स्वतः जाऊन त्यांच्या नावानं शब्द टाकला होतास.

त्या उधारीनं नेमकं काय झालं, तेही लिहिते, कारण लोकांना वाटतं देवाचं नाव घेणाऱ्या बाईची मदत म्हणजे तोंडाचा धीर. हातात पैसा नसलेला शेतकरी कापूस घरात येताच गावात आलेल्या व्यापाऱ्याला देऊन टाकतो. ओला, सुका, भाव काय, काही बघायची त्याला सोय नसते, कारण मजुरी द्यायची असते. आम्हाला थांबता आलं. कापूस आम्ही ओसरीत पसरून वाळवला. सीसीआयच्या, म्हणजे हमीभावानं कापूस घेणाऱ्या सरकारी महामंडळाच्या, खरेदीत ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असला तर पुरा भाव मिळतो, त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत कपात होते आणि त्याहून ओला माल घेत नाहीत. त्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव ७,५२१ रुपये होता. नोंदणी, सातबारा, आधार, रांग, सगळं मी केलं, पैसे खात्यावर यायलाही वेळ लागला. तुम्ही सगळ्या तोवर थांबलात म्हणूनच मला थांबता आलं. क्विंटलमागे जे काही जास्तीचं हाती पडलं, ते सरळ तुमच्या सबुरीचं होतं. पैसे आले त्या दिवशी आधी तुमची मजुरी मोजली, मग बाकीचं. पोरीची फी त्यातूनच भरली.

आता एक गोष्ट मला ठासून सांगायची आहे. "देवावर सोडा" हे वाक्य आपल्याकडे फार स्वस्त झालं आहे. भाव पडला की देवावर सोडा, विम्याचा पैसा आला नाही की देवावर सोडा, असं सांगणारी माणसं बहुधा पोटभर जेवलेली असतात. माल पिकवणाऱ्याला पुरा दाम मिळत नाही हा अन्याय आहे, आणि तो माणसांनी केलेला आहे, तो देवाच्या खात्यात टाकता येणार नाही. तू तसं कधी म्हणाली नाहीस. उलट सोसायटीत जाऊन कर्जाचा आकडा नीट विचारून ये, असं तूच मला लावून धरलंस. मी जायला भीत होते. तू म्हणालीस, "आकडा काय वाघ हाये? देव पाठीशी हाये म्हणतं ना, मंग पाहून तं ये." गेले. कागद हातात घेतला. आकडा मोठाच होता, पण रात्री अंधारात मी जो धरून बसले होते त्याहून लहान होता. तेव्हापासून माझी खात्री झाली आहे की ज्याचा खरा भरवसा असतो तो वही उघडायला घाबरत नाही. घोर माणसाला डोळे मिटायला लावतो.

ह्यांच्या बाबतीतही तू तेच केलंस. तुळशीला पाणी घाल, नामस्मरण कर, एवढं सांगून तू थांबली नाहीस. गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईला तूच घरी घेऊन आलीस. तिनं ह्यांना झोप, भूक, मनात काय येतं ते हळूहळू विचारलं आणि पुढे सरकारी दवाखान्यात प्रेरणा प्रकल्पातल्या ताईंशी गाठ घालून दिली. शेतकऱ्यांचं मन खचू नये म्हणून २०१५ पासून हा प्रकल्प चालतो, हे आम्हाला गावात राहून माहीत नव्हतं. गोळ्या सुरू झाल्या, बोलणं सुरू झालं. एका संध्याकाळी ह्यांनी स्वतःहून विचारलं, तुरीला शेंगा किती लागल्या? मी स्वयंपाकघरात जाऊन पांडुरंगाला हात जोडले. डॉक्टरच्या गोळीतून देव येत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी माझ्या घरी येऊन बघावं.

आपल्या शाळेच्या भिंतीवर गाडगेबाबांची दशसूत्री लिहिलेली आहे. भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र, असं सुरू होऊन शेवटी दुःखी आणि निराश माणसाला हिंमत. लहानपणी आम्ही ती पाठ म्हणायचो. बाबा आपल्याच अमरावती जिल्ह्यातले, शेंडगावचे. अंगावर चिंध्या, हातात खराटा आणि गाडगं, गावात आले की आधी गाव झाडायचे, मग भाकरी घ्यायचे, रात्री कीर्तन करायचे. पंढरपूरला, नाशिकला लोकांसाठी धर्मशाळा बांधल्या आणि स्वतःसाठी खोपटंही ठेवलं नाही. उद्याची तजवीक न करता जगलेला माणूस आळशी नसतो, हे बाबांकडे पाहून कळतं, आणि मला ते तुझ्याकडे पाहून कळलं. तुला उद्याची काळजी नाही म्हणून तुझे दोन्ही हात आज रिकामे असतात, दुसऱ्याच्या शेतात धावून जायला. मी माझ्या काळजीत इतकी गुंतलेली होते की शेजारणीचं पोर तापानं फणफणलेलं मला दिसलं नव्हतं. तू येता येता तिथेही डोकावून आली होतीस.

माझा घोर एकदम गेला असं मी खोटं लिहिणार नाही. अजून येतो. कर्ज सगळं फिटलेलं नाही, ह्यांचा पाय अजून थंडीत ठणकतो, पाऊस मृगात पडेल की दुबार पेरणी करायला लावील हे दरवर्षीचंच आहे. पण आता रात्री मन पळायला लागलं की मी तुझा प्रश्न स्वतःला विचारते: आज घरात काय काय आहे? आणि एकेक मोजते. ज्वारी. डाळ. अंगणातला वाल. खाटेवर घोरणारा माणूस. पोरीचा आलेला फोन. यातलं एकही मी माझ्या जागरणानं कमावलेलं नाही. मोजता मोजता बहुतेक वेळा डोळा लागतो. नाही लागला तर उठून देवापुढे बसते आणि सांगते, बाबा, सकाळी मी माझ्या खुट्याला हात लावते, तू तुझा लाव.

तुझ्या उपकारांची परतफेड करायला निघाले तर तू रागावशील, म्हणून ते बोलत नाही. मात्र एक काम उरलं आहे आणि त्यात तुझं काही ऐकणार नाही. वय पासष्टच्या वर गेलं तरी तू श्रावणबाळ योजनेचा अर्ज भरलेला नाहीस. महिन्याचे १,५०० रुपये तुझ्या हक्काचे आहेत. "देव पाहून घेईन" असं यावेळी म्हणू नकोस. तूच शिकवलंस, खुट्याला हात आपण लावायचा. सोमवारी सकाळच्या गाडीनं तहसीलला जाऊ. आधार कार्ड, बँकेचं पासबुक, रेशन कार्ड आणि दोन फोटो पिशवीत घालून ठेव. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तलाठ्याशी मी बोलून ठेवलं आहे. आणि अर्ज झाला की कार्तिकात दोघी कौंडण्यपूरला रुक्मिणीच्या दर्शनाला जाऊ, वर्धेत आंघोळ करू. भाकऱ्या मी बांधीन, ठेचा तुझ्या हातचा पाहिजे.

तुझी,
धुऱ्यापलीकडची सून