टूरिंग कार शर्यतीच्या सहलीत जाहिरातीप्रमाणे सेवा न मिळाल्याबाबत तक्रार

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
मुंबई कार्यालय

विषय : चेन्नईजवळील इरुंगट्टुकोट्टई येथील टूरिंग कार (रस्त्यावरच्याच गाड्यांपासून तयार केलेल्या शर्यतीच्या गाड्या) शर्यतीची एकदिवसीय सहल आणि रकमेचा परतावा.

महोदय,

गेल्या महिन्यात आपल्या कंपनीने मुंबईहून नेलेल्या शर्यतीच्या सहलीसाठी मी स्वतःचे आणि माझ्या वडिलांचे आरक्षण आपल्या संकेतस्थळावरून केले होते. माणशी १८,९०० रुपये आपण घेतले आणि त्यांपैकी ३,५०० रुपये पॅडॉक, म्हणजे शर्यतीच्या गाड्या आणि मेकॅनिक असतात त्या आवाराच्या, प्रवेशाचे असल्याचे पावतीवर वेगळे दाखवले आहे. सहलीनंतर मी पाठवलेल्या ई-मेलला आपल्या ग्राहक सेवा विभागाने 'आपण दिवसभर शर्यती पाहिल्या आहेत, त्यामुळे परतावा देता येणार नाही' असे कळवून पुढील सहलीवर दहा टक्के सवलतीचे कूपन देऊ केले. हे उत्तर मला मान्य नाही.

त्या रविवारच्या छापील वेळापत्रकात टूरिंग कारच्या दोन शर्यती होत्या आणि आपल्या जाहिरातीत 'दोन्ही टूरिंग कार शर्यतींचा संपूर्ण थरार' असे स्पष्ट शब्द होते. पहिली शर्यत आम्हाला मुळीच पाहायला मिळाली नाही. दुसरीच्या तीन-चार फेऱ्या होतात न होतात तोच आपल्या प्रतिनिधीने सगळ्यांना बसकडे पिटाळले. बाकीचा वेळ सिंगल सीटर (केवळ शर्यतीसाठी बनवलेल्या, एकाच आसनाच्या) गाड्यांच्या शर्यती आणि मोकळा ट्रॅक पाहण्यात गेला. सिंगल सीटरच्या शर्यतीही चांगल्याच असतात, पण त्यासाठी आम्ही पैसे मोजले नव्हते.

उशीर कशामुळे झाला, हे आपल्या नोंदींतही असेलच. आमचे विमान सकाळी वेळेवर चेन्नईला उतरले. तेथून बेंगळूरुच्या महामार्गाने श्रीपेरुंबुदूरच्या अलीकडचा हा ट्रॅक तीसेक किलोमीटरवर आहे, म्हणजे रविवारी सकाळी तासाभराचा रस्ता. परंतु आपण नंतरच्या विमानाने येणाऱ्या दुसऱ्या गटाला त्याच बसमध्ये घेण्याचे ठरवले होते आणि त्याची कल्पना आम्हाला आधी दिली नव्हती. ते विमान लांबले, तसे आम्ही विमानतळाबाहेर बसमध्ये ताटकळत बसलो. पुढे कार्यक्रमात नसलेला नाश्त्याचा थांबाही घेतला गेला. दोन बसचे भाडे वाचवण्यासाठी आपण आमची शर्यत घालवली, असे मला स्पष्टपणे म्हणावे लागत आहे.

'थोडा उशीर झाला' असे आपल्या प्रतिनिधीने तेथे वारंवार सांगितले, म्हणून हे मुद्दाम नमूद करते की या खेळात थोडा उशीर असा काही प्रकार नसतो. इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकची एक फेरी सुमारे ३.७ किलोमीटरची आहे. टूरिंग कारच्या दहाएक फेऱ्या वीस मिनिटांच्या आसपास आटोपतात. क्रिकेटच्या कसोटीत तासभर उशिरा पोहोचलेला प्रेक्षक उरलेला दिवस पाहू शकतो, येथे तासाभरात आख्खी शर्यत संपून गाड्या गॅरेजमध्ये गेलेल्या असतात. शिवाय आपल्या जाहिरातीत ज्या ब्रिटिश टूरिंग कार स्पर्धेचा दाखला दिला आहे, त्या १९५८ पासून चालत आलेल्या स्पर्धेत एका दिवसात तीन शर्यती होतात आणि तिसऱ्या शर्यतीत पुढच्या काही गाड्या दुसरीच्या निकालाच्या उलट क्रमाने उभ्या केल्या जातात. म्हणजे आधीच्या शर्यतीत कोण कुठे होता हे ठाऊक असेल, तरच पुढची शर्यत खऱ्या अर्थाने कळते. ज्यांनी हा दाखला दिला त्यांना एवढे माहीत असायला हवे होते.

पॅडॉकबाबत तर सरळ फसवणूक झाली. आम्हाला दिलेले रिस्टबँड निळे होते आणि पॅडॉकच्या फाटकावर केशरी रिस्टबँडवाल्यांनाच आत सोडत होते. तेथील सुरक्षारक्षकाने त्याचे काम केले, त्याच्याविषयी माझी काहीही तक्रार नाही. आपल्या प्रतिनिधीने मात्र 'आमच्याकडे एवढेच पास आले' असे सांगून हात वर केले.

माझे वडील कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात आयुष्यभर बॉडी शॉपमध्ये होते. रस्त्यावर दिसणाऱ्या गाडीचीच बॉडी ठेवून, आतली आसने काढून, पोलादी नळ्यांचा पिंजरा बसवून तिला शर्यतीत उतरवतात, हे जवळून पाहता यावे एवढ्यासाठीच मी जादा पैसे भरून पॅडॉक प्रवेश घेतला होता. फाटकाच्या जाळीपलीकडे एका गाडीचा पुढचा बंपर निखळला होता आणि दोन मेकॅनिक गुडघ्यांवर बसून तो रुंद चिकटपट्टीने बॉनेटला बांधत होते. वडील जाळीला हात टेकवून ते पाहत होते. पट्टी कुठून सुरू केली म्हणजे वाऱ्याने सुटणार नाही, हे मला समजावून सांगत होते. तेवढ्यात गर्दी होते म्हणून आम्हाला तेथूनही हटवण्यात आले. पंचाहत्तरीच्या माणसाला भर उन्हात, सावली नसलेल्या उघड्या पायऱ्यांवर बसवण्यात आले, हे वेगळेच. जाहिरातीत 'छत असलेली आसनव्यवस्था' असे लिहिले होते. पिण्याचे पाणीही आम्हाला विकत घ्यावे लागले.

दुसऱ्या शर्यतीतून आम्हाला उठवण्याचे कारण परतीचे विमान हे होते. शर्यतीचे वेळापत्रक आपल्याकडे आधीपासून होते आणि विमान आपणच निवडले होते. शेवटची शर्यत संपण्याआधीच निघावे लागेल असे आरक्षणाच्या वेळी सांगितले असते, तर मी ही सहल घेतलीच नसती. पहिला कोण आला, हे आम्हाला विमानतळावर मोबाइलवर कळले.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार हा सेवेतील त्रुटीचा आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीचा प्रकार आहे. म्हणून माझी मागणी अशी की पॅडॉक प्रवेशाचे दोघांचे ७,००० रुपये पूर्ण आणि उरलेल्या ३०,८०० रुपयांपैकी निम्मी रक्कम, म्हणजे एकूण २२,४०० रुपये, ज्या खात्यातून भरले त्याच खात्यात परत करावेत. कूपन मला नको आहे. तसेच दोन गट एका बसमध्ये घेण्याचा निर्णय कोणत्या स्तरावर झाला, याचा लेखी खुलासा मिळावा, आणि हीच सहल आपण पुढील महिन्यासाठी त्याच मजकुरासह विकत असल्याने तो मजकूर ताबडतोब दुरुस्त करावा. इतर कोणाच्या वडिलांना त्या फाटकावरून परत फिरावे लागू नये, ही माझी परताव्याइतकीच आग्रहाची मागणी आहे.

ई-वाणिज्य नियम, २०२० प्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत देणे आणि तिचे निवारण एका महिन्यात करणे आपल्यावर बंधनकारक आहे. त्या मुदतीत समाधानकारक उत्तर न आल्यास मी राहत्या ठिकाणच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागेन. पावती, जाहिरातीची प्रत, वेळापत्रक आणि दोन्ही रिस्टबँडची छायाचित्रे सोबत जोडली आहेत.

आपली विश्वासू,
एक ग्राहक
मुलुंड (पूर्व), मुंबई