शुल्क ठरवायचे कुणी?

संपादक महोदय,

एच-वन-बी व्हिसावरचा कालचा अग्रलेख वाचून राहवले नाही. परदेशी कुशल कर्मचाऱ्यांच्या या अमेरिकी व्हिसावर ट्रम्प यांनी सप्टेंबर 2025 मध्ये लावलेले शुल्क एक लाख डॉलर, म्हणजे साधारण 88 लाख रुपये, हा हिशेब आता घरोघरी पाठ झाला आहे. पण एवढी रक्कम मागण्याचा अधिकार ट्रम्प यांना दिला कुणी? त्यावर आपले एकच वाक्य, ‘तो राष्ट्राध्यक्षांचा अधिकारच आहे.’ मला ते साफ अमान्य आहे.

1952 च्या इमिग्रेशन कायद्यातले कलम 212 (एफ) परकीयांचा प्रवेश रोखण्याची मुभा देते. पैसे भरले तर सोडू, असे त्यात कुठेही लिहिलेले नाही. या व्हिसासाठी मालकाने भरायचे 1500 डॉलर, फसवणूक रोखण्यासाठीचे 500, पुढे 2015 च्या कायद्यातले 4000, हे आकडे तिथल्या संसदेनेच घातले. वॉशिंग्टनच्या जिल्हा न्यायालयाने 23 डिसेंबर 2025 रोजी सरकारची बाजू उचलून धरली हे खरे, पण त्याच्या वरही न्यायालये आहेत. आपल्याकडे मुंबई राज्य सार्वजनिक न्यासांकडून घेत असलेली वर्गणी सर्वोच्च न्यायालयाने 1954 मध्ये कर नव्हे, तर शुल्क म्हणून मान्य केली, कारण ती न्यासांच्याच देखरेखीसाठी वेगळ्या निधीत जात होती. या लाख डॉलरच्या बदल्यात कोणते काम होणार आहे?

संसदेत विषय आला की चर्चा होते, लोकांना तारीख आधी कळते. इथे काय झाले? यजमानांच्या श्राद्धासाठी मुलगी आली होती. सर्वपित्री रविवारी, 21 सप्टेंबरला. शनिवारी सकाळी तिच्या कंपनीचा ईमेल, शुल्क लागू होण्याच्या मुदतीआधी अमेरिकेत परत या. मुदत आपल्या घड्याळाने रविवारी सकाळी साडेनऊची! दर्भ, केळीची पाने आणून ठेवलेली, आणि ही ओल्या केसांनी बॅग भरतेय. वडिलांच्या फोटोला नमस्कार करून निघाली. ती विमानात असतानाच व्हाइट हाउसचा खुलासा आला : शुल्क फक्त नव्या अर्जांना, तेही एकदाच. आदल्या दिवशी त्यांचेच वाणिज्यमंत्री ‘दरवर्षी’ म्हणाले होते. आमचे श्राद्ध लेकीविना झाले ते झालेच.

आणि त्या सकाळचे विमानभाडे! तासातासाला चढत होते. डिसेंबर 2025 मध्ये देशातल्या भाड्यांना नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने मर्यादा घातली, मग परदेशी जाणाऱ्यांच्या अडचणीत असे हात का धुऊन घेऊ दिले? आपल्या वार्ताहराने हा प्रश्न मंत्रालयाला जरूर विचारावा.

आपली,
एक वाचक, विलेपार्ले (पूर्व), मुंबई