आरती आठवली म्हणजे आजार गेला नव्हे

महोदय,

अल्झायमरवरच्या भक्तिप्रधान कौटुंबिक चित्रपटांचा शेवट बहुधा ठरलेला असतो. नवस बोलला जातो, देवळात आरती सुरू होते, आजी ती शब्दन् शब्द म्हणते आणि लेकाला नावाने हाक मारते. यातली आरती खरी, हाक पटकथेची. या आजारात ताज्या आठवणी साठवणारा मेंदूचा भाग, हिप्पोकॅम्पस, आधी झिजतो. जन्मभर म्हटलेली आरती मात्र चालीसकट मुरलेली असते, ती उशिरापर्यंत टिकते. पाच मिनिटांनी आजी पुन्हा ‘मी जेवले का?’ विचारणारच. तो प्रसंग पडद्यावर येत नाही आणि ‘आता बरं वाटतंय’ म्हणत घरी गोळ्या बंद होतात.

या आजारावरची डोनेपेझिल ही गोळी साधारणतः रात्री 5 मिलिग्रॅमने सुरू करतात, चार ते सहा आठवड्यांनी 10 वर नेतात. ती आजार थांबवत नाही, काही काळ सावरते. मळमळ, जुलाब होतात. नाडी मंदावू शकते, म्हणून आधी ईसीजी. बी-12 जीवनसत्त्व आणि थायरॉईडही तपासावं. त्यांच्या बिघाडामुळे होणारा विसर उपचाराने सुधारू शकतो.

श्रद्धेचा उपयोग नाही असं नाही, पण तो वेगळा आहे. दिवेलागणीला रुग्णाचा गोंधळ वाढतो. अंधारायच्या आधीच खोलीत लख्ख उजेड करावा, टीव्ही बंद ठेवावा आणि रोज त्याच वेळी तीच आरती, दहाच मिनिटं. हाती टाळ द्यावे, पेटती समई नव्हे. निर्जळी उपास तर नकोच. नागपूरच्या मे महिन्यात तहान लागली हेही त्यांना सांगता येत नाही. पाणी कमी पडलं की लघवीचा जंतुसंसर्ग बळावतो आणि माणूस एका दिवसात भलतंच बोलू लागतो. घरच्यांना वाटतं आजार वाढला, काहींना तर बाहेरची बाधा! आधी डॉक्टरांकडून लघवी तपासून घ्यावी.

नागपुरातल्या टेकडीच्या गणपतीच्या देवळात मंगळवारी, चतुर्थीला नेऊ नये. गर्दीत हात सुटला तर रेल्वेस्थानक शेजारीच आहे. खिशात नाव-फोनची चिठ्ठी ठेवावी, निघताना त्याच कपड्यांतला फोटो काढावा. हरवल्यास लगेच 112 या आपत्कालीन क्रमांकावर फोन करावा.

चित्रपटवाल्यांना एकच विनंती: ‘ओळखलंस का मला?’ हा संवाद गाळा. ती परीक्षा आहे. त्याऐवजी मुलाने म्हणावं, ‘आई, मी सुनील. चहा आणलाय.’

— स्मृतिभ्रंश शुश्रूषेतील कार्यकर्त्या, नागपूर