घरमालकीण व्हायला शिकवणाऱ्या काकूंना

आदरणीय काकू,
सा. न. वि. वि.

नाव लिहायचं नाही आणि सोसायटीचा पत्ता द्यायचा नाही, या तुमच्या दोन्ही अटी पाळून हे पत्र लिहितेय. नाव छापलं तर उद्या सकाळपासून लोक करारनाम्यांची भेंडोळी घेऊन तुमच्या दारात उभे राहतील, हे तुमचं म्हणणं मला पटतं. पण आभार चारचौघांतच मानायचे होते. दुसरं घर घेऊन भाड्याने द्यायचं म्हटलं की सल्ले देणारे पुष्कळ भेटतात, हिशोब मांडून दाखवणारं कुणी भेटत नाही.

एजंट आम्हाला पुण्याबाहेरचा टू बीएचके दाखवत होता. "मॅडम, हप्ता भाड्यातूनच सुटेल." तुम्ही लाइटबिलाच्या पाठीवर आकडे मांडलेत. 35 लाखांचं कर्ज, 20 वर्षं, साडेआठ टक्के व्याज. हप्ता 30 हजारांच्या वर. भाड्याचा भाव एजंटला विचारायचा नाही, आजूबाजूच्या इमारतींच्या वॉचमनला विचारायचा, हा तुमचा नियम. त्यानं पंधरा-सोळा हजार सांगितले, वर कुठले फ्लॅट किती दिवस रिकामे पडलेत तेही सांगितलं. विषय तिथेच संपला.

मग कर्वेनगरचा जुना वन बीएचके. लिफ्ट नाही, पण दुसराच मजला, बसस्टॉप जवळ, कॉलेज चालत. किंमत 48 लाख. तिथेही तुम्ही पेन सोडलं नाहीत. भाडं 17 हजार म्हणजे वर्षाचे 2 लाख 4 हजार. त्यातून मेंटेनन्स गेला, मिळकतकर गेला, आणि वर्षात एक महिना घर रिकामं राहणार असं धरून चालायचं. उरले दीड लाखाच्या आसपास, म्हणजे जेमतेम तीन-सव्वातीन टक्के. एफडीला याहून जास्त मिळतं, असं मी म्हटलं तर तुम्ही म्हणालात, "मिळतंच. शिवाय एफडी रात्री दहाला फोन करून गीझर बंद पडलाय असं सांगत नाही. जागेची किंमत वाढेल असं वाटत असेल तर घे. नुसत्या भाड्यासाठी घेऊ नकोस."

स्वतः राहणाऱ्याला पुणे महापालिका मिळकतकरात 40 टक्के सवलत देते आणि घर भाड्याने दिलं की ती मिळत नाही, हेही मला तुमच्याकडूनच कळलं. आयकराचं मात्र बरं आहे: भाड्यातून भरलेला मिळकतकर वजा करायचा आणि उरलेल्यावर सरसकट 30 टक्के वजावट, पावत्या मागत नाहीत.

"अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही," असं आमच्या घरात झाडून सगळे सांगत होते. तुम्ही कपाटातून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 काढलात आणि कलम 55 वर बोट ठेवलंत. करार कितीही महिन्यांचा असो, तो लेखी आणि नोंदणीकृतच हवा आणि नोंदवायची जबाबदारी घरमालकाची. मला खरं हादरवलं ते पुढच्या ओळीनं. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरू जे म्हणेल तेच खरं धरलं जातं, उलट सिद्ध करायचं ओझं आपल्यावर. म्हणजे भाडं सतरा ठरलंय की बारा, यावर उद्या वाद झाला तर आपण बसायचं पुरावे शोधत. आणि हे सगळं टाळायचा खर्च किती? पाव टक्का मुद्रांक शुल्क, आमच्या बाबतीत पाचशेच्याही आत, आणि नोंदणी फी 1000 रुपये. थंब द्यायला एजंटचा माणूस मशीन घेऊन घरी आला, चहा निवायच्या आत काम झालं.

सोसायटीचं प्रकरण तुम्ही एका वाक्यात मिटवलंत. भाडेकरू ठेवला म्हणून सेक्रेटरी महिना दोन हजार जास्त मागत होते. 1 ऑगस्ट 2001 च्या शासन आदेशाप्रमाणे बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः न राहता घर भाड्याने देतो म्हणून सोसायटी घेते ते) सेवा शुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, एवढं लेखी पत्रात टाक म्हणालात. टाकलं. पुढच्या बिलात दोन हजारांची ओळ गायब. (बॅचलर नकोत हा त्यांचा हट्ट मात्र अजून कायम आहे. स्वतःची मुलं बंगळुरूत भाड्याच्या घरात राहतात, त्यांना तिथल्या लोकांनी काय म्हणावं?)

पण मी आयुष्यभर विसरणार नाही ती तुमची मदत आमच्या पहिल्या भाडेकरूच्या वेळची. चांगला मुलगा, पगारदार, नोकरी गेली आणि भाडं थांबलं. आधी "दोन दिवसांत टाकतो ताई", मग फोन उचलणं बंद. करार संपत आला होता. धाकट्या दिरांनी सुचवलं की तो बाहेर गेला की कुलूप बदलून टाकू, नाहीतर लाइट तोडू. तुम्ही त्यांना समोर बसवून ऐकवलंत, की भाडेकरूचं पाणी-वीज तोडणं हा गुन्हा आहे आणि कुलूप बदललंत तर पोलिसात तो जाईल, आपण नाही. आपल्या हातात करार आहे. मुदत संपूनही लायसन्सी, म्हणजे करारानं राहणारा भाडेकरू, हलला नाही तर त्याच भाडे कायद्याच्या कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि जास्तीच्या काळाला दुप्पट भाडं मागता येतं. त्याला लेखी कळव, रजिस्टर्ड पोस्टानं, शब्द साधे ठेव.

पत्र गेलं. आणि मग तुम्ही स्वतः माझ्याबरोबर त्या घरी आलात. तो पोरगा दार उघडून नुसता उभा राहिला. तुम्ही आत जाऊन त्याच्याच ओट्यावर चहा टाकलात आणि विचारलंत, "घरी सांगितलंयस का?" नव्हतं सांगितलं. अर्ध्या तासात तारीख ठरली, ती कागदावर लिहिली, दोघांच्या सह्या झाल्या. त्या तारखेला त्यानं घर सोडलं.

डिपॉझिटचा हिशोबही तुमच्यासमोरच झाला. 51 हजारांतून दोन महिन्यांचे 34 हजार आणि लाइटबिलाचे 1140 वजा. रंगकामाचे म्हणून एक महिन्याचं भाडं कापायची पद्धतच आहे असं मी पुटपुटले, तर तुम्ही आत येतानाची यादी पुढे केलीत: पंखे तीन, गीझर एक, किल्ल्या दोन, मीटरचं रीडिंग, भिंतींचे फोटो, खाली त्याची सही. "यातलं काय कमी आहे ते दाखव. भिंतीला खिळा ठोकला म्हणजे घर मोडलं नाही. राहणारा माणूस कॅलेंडर लावणारच." 15,860 रुपये त्याच्या खात्यावर तिथल्या तिथे टाकले. पुण्यातले किती घरमालक असं करतात, हा प्रश्न मी मुद्दाम इथे लिहून ठेवतेय.

त्याच मुलानं जाताना त्याच्या कॉलेजातल्या दोन ज्युनिअर मुलींचा नंबर दिला. ब्रोकरेज वाचलं, घर रिकामं राहिलं नाही. मुली भाडं पाच तारखेच्या आत टाकतात, नळ गळला तर व्हिडिओ पाठवतात. त्यांचा करार पुढच्या महिन्यात संपतोय. या वेळी 22 महिन्यांचा करावा म्हणते, अकरा महिन्यांनी 5 टक्के वाढ धरून. त्यांना मान्य आहे. मसुदा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलाय. नोटिशीच्या मुदतीचं कलम तेवढं नजरेखालून घाला, एक महिना पुरे की दोन ठेवू? रविवारी दुपारी येतेच आहे.

तुमची,
वरच्या मजल्यावरची